प्रश्न पेठ तालुक्यातला, पैसा कुठल्या खात्यातला?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत): पत्र लिहिणाऱ्या बाई नाशिकजवळच्या एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात छातीविकार विभागात सहायक प्राध्यापक आहेत. वय ३४, पाच वर्षांचा मुलगा, नवऱ्याची गंगापूर रोडला स्वतःची प्रॅक्टिस. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतून येणाऱ्या बायकांमध्ये त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आयुष्यात बिडीला हात न लावलेली, चुलीपुढे जन्म गेलेली बाई; एक्स-रेवर डाग; टीबीचा कोर्स सुरू; आणि चार-पाच महिन्यांनी सीटी काढल्यावर कळतं की हा फुफ्फुसाचा कर्करोग आहे, तोही चौथ्या टप्प्यातला. यावर संशोधन करायचं त्यांनी मनावर घेतलं आहे. एका मोठ्या सरकारी अनुदानासाठी केलेला अर्ज नामंजूर झाला. आता लॅपटॉपवर देशी-परदेशी अनुदानांची भलीमोठी यादी आहे, पण नवा अर्ज एकही नाही. विभागप्रमुख म्हणतात, 'नाशिकला बसून हे होत नाही.' पुण्यातल्या एका संस्थेत दोन वर्षांच्या करारावर संशोधकाची जागा मिळू शकते. इकडे अंबडचे एक कारखानदार, ज्यांची आई याच आजाराने गेली, १० लाख रुपये द्यायला तयार आहेत, पण ते घेताना संकोच वाटतो. बाईंचा प्रश्न: "फुफ्फुसाच्या कर्करोगावर काम करू पाहणाऱ्या माझ्यासारखीला पैसे नेमके मिळतात कुठून? आणि मिळणार नसतील तर मी पुण्याला जावं का?"

डॉक्टर,

पत्रासोबतची यादी पूर्ण वाचली. मेहनत दिसते. भारतातली अनुदानं हिरव्या रंगात, अमेरिकेतली निळ्या, युरोपातली पिवळ्या. रक्कम, शेवटची तारीख, सगळं जागच्या जागी. एक रकाना मात्र नाही: 'हे पैसे आमच्या कॉलेजच्या खात्यात येऊ शकतात का?' माझी उभी नोकरी संशोधन-कार्यालयात गेली. अर्ज जाताना पाहिले, पैसे येताना पाहिले आणि मंजूर झालेले पैसे खर्च न होता परत जातानाही पाहिले. त्यामुळे मी उत्तर दुसऱ्या टोकाकडून देणार आहे. पैसे कुठून मिळतात ते नंतर, आधी ते कुणाला मिळतात ते पाहू.

डॉक्टरला मिळत नाहीत, संस्थेला मिळतात. प्रमुख संशोधक म्हणून नाव तुमचं, सही अधिष्ठात्यांची, रक्कम संस्थेच्या खात्यात, आणि वर्षाअखेरी विनियोग प्रमाणपत्र, ज्याला सगळे नुसतं 'यूसी' म्हणतात, ते द्यायचं लेखा विभागाने. यूसी वेळेवर गेलं नाही की पुढचा हप्ता अडकतो आणि प्रकल्पावर नेमलेली मुलगी बिनपगारी बसते. संशोधकाला वाटतं दिल्लीने छळलं. बऱ्याचदा फाइल तळमजल्यावरच्याच कपाटात असते.

तेव्हा या आठवड्यात कार्यालयात जाऊन चार गोष्टी विचारा. पहिली, केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची, म्हणजे डीएसआयआरची 'सायरो' मान्यता, म्हणजे संशोधन संस्था म्हणून मान्यता, आहे का? खासगी, ना-नफा संस्थेकडून अर्ज आला की आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, हा कागद मागते. दुसरी, अभ्यासात रुग्णांचं हित जपलं जातं का हे तपासणाऱ्या एथिक्स कमिटीची नोंदणी कुठे आहे? औषधांच्या चाचण्यांसाठी ती सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्रीय औषध नियामकाकडे लागते, तुमच्यासारख्या अभ्यासासाठी आरोग्य संशोधन विभागाकडे. एक असली म्हणजे दुसरी आहेच असं नाही. तिसरी, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी. परदेशी देणगी किंवा अनुदान घ्यायचं तर ती हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावे लागतात. एका संस्थेने घेऊन दुसरीला देणंही त्याच दुरुस्तीने बंद झालं. 'आमच्याकडे नोंदणी नाही, ओळखीच्या ट्रस्टमार्फत घेऊ' ही वाट आता नाही. चौथी गोष्ट कागदाची नाही: याआधी कॉलेजात बाहेरचा प्रकल्प आला होता का आणि त्याचा हिशेब कुणी सांभाळला? त्या माणसाचं नाव लिहून ठेवा. पुढची काही वर्षं तुम्हाला त्याची गरज तुमच्या विभागप्रमुखांपेक्षा जास्त पडणार आहे.

तुमची सगळी निळी-पिवळी यादी तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर उभी आहे. उत्तर 'नाही' असेल तर यादी एका दुपारीत अर्धी होईल. वाईट वाटेल, पण मोकळंही वाटेल.

आता नामंजूर अर्जाकडे. परीक्षकांचे शेरे पाठवलेत हे फार बरं केलंत. बहुतेक लोक ते एकदा वाचतात, संतापतात आणि पुन्हा उघडत नाहीत. तुम्ही लिहिता, 'त्यांना विषयच समजला नाही.' मला तसं दिसत नाही. पहिला शेरा यंत्राबद्दल आहे. तुम्ही जनुकीय तपासणीचं सीक्वेन्सिंग यंत्र मागितलंत. अर्ध्याहून अधिक रक्कम त्यातच गेली. ते चालवणारा माणूस कोण, याचं उत्तर अर्जात नाही. नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचे असते तर हा खर्च दर नमुन्यामागे दाखवता आला असता आणि यंत्राचा विषयच निघाला नसता. दुसरा शेरा, किती रुग्ण लागतील याचं गणित पटत नाही. तुमच्या चमूत बायोस्टॅटिस्टिशियन, म्हणजे वैद्यकीय संख्याशास्त्रज्ञ नाही, ते गणित तुम्ही स्वतः रात्री बसून मांडलंय, आणि ते दिसतं. तिसरा शेरा सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि तुम्ही तो पत्रात उल्लेखलासुद्धा नाही: 'क्षयरोग कार्यक्रमाचा सहभाग कुठे आहे?'

घोडं पेंड खातं ते इथेच.

तुम्ही स्वतःला 'फुफ्फुसाच्या कर्करोगाची संशोधक' म्हणता आणि पैसेही फक्त त्याच नावाच्या खात्यात शोधता. पण पत्रात ज्या बाईबद्दल तुम्ही लिहिलंत, ती पेठकडून एसटीने सीबीएसला उतरून आलेली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक्स-रे, टीबीच्या गोळ्यांची उरलेली पाकिटं आणि बेडक्याच्या तपासणीचा 'निगेटिव्ह' लिहिलेला चिठोरा, तिच्या पिशवीत कर्करोगाचा एकही कागद नव्हता. सगळे कागद क्षयरोगाचे होते. तिचे महिने गेले ते क्षयरोगाच्या रांगेत. म्हणजे तुमचा प्रश्न निम्मा क्षयरोग कार्यक्रमाचा आहे, आणि त्या कार्यक्रमाकडे संशोधनासाठी स्वतःची सोय आहे. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात 'ऑपरेशनल रिसर्च', म्हणजे कार्यक्रम प्रत्यक्षात कसा चालतो याचा अभ्यास, या नावाखाली प्रस्ताव घेतले जातात, राज्य पातळीवर त्याची समिती असते आणि पदव्युत्तर प्रबंधांनाही त्यातून मदत होते. वैद्यकीय महाविद्यालयांत या कार्यक्रमाची कोअर कमिटी असते. तुमच्या कॉलेजात ती कुणाकडे आहे? छातीविकार विभागाकडे असण्याचीच शक्यता जास्त. तसं असेल तर ज्या माणसाकडे पहिला अर्ज घेऊन जायचं, तो तुमच्या विभागप्रमुखांच्या खुर्चीत बसलेला आहे. काखेत कळसा म्हणतात तो हा.

क्षयरोग कार्यक्रमाला तुमच्या प्रश्नात रस का वाटावा? कारण हे रुग्ण त्यांच्याही आकड्यांत घोळ घालतात. एक्स-रेवरून टीबी ठरवला, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या जनुकीय चाचण्यांत जंतू मिळाला नाही, दोन महिने गोळ्या खाऊनही डाग तसाच. असा रुग्ण कार्यक्रमाच्या नि-क्षय या नोंदणी पोर्टलवर 'उपचार सुरू' म्हणून दिसत राहतो. त्याला नेमक्या कुठल्या टप्प्यावर सीटीला पाठवायचं, याचा साधा, तालुक्याच्या पातळीवर चालणारा नियम तुम्ही सुचवू शकलात तर त्याचा उपयोग जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याला उद्या होतो. अर्ज वाचणाऱ्याला हेच हवं असतं: पैसे संपल्यावर हातात काय राहील?

इथे तुमच्या आणखी एका गृहीतकाला हात घालते. तुमच्या अर्जात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक, चुलीच्या धुरामुळे या बायकांना कर्करोग होतो का? दोन, कर्करोग झालेल्या बायकांचं निदान टीबीमुळे किती लांबतं? तुमचा जीव पहिल्यात आहे हे कळतं. पण पहिला प्रश्न डोंगराएवढा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग-संस्थेने घरात जळणाऱ्या कोळशाच्या धुराला कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात टाकलंय. बाहेरच्या प्रदूषित हवेला २०१३ मध्ये त्याच गटात टाकलं. लाकूडफाट्याच्या धुराला मात्र 'गट २अ' दिलाय, म्हणजे बहुधा कारणीभूत, पण पुरावा अजून पुरेसा नाही. या एका पायरीच्या फरकात तुमच्यासाठी जागा आहे हे खरं, पण ती पायरी चढायला शेकडो रुग्ण, तेवढ्याच निरोगी बायका, चुलीपुढे काढलेल्या वर्षांची मोजदाद, आणि बाकीचे सगळे संशय वेगळे काढण्याची ताकद लागते. नवऱ्याची बिडी घरात रोज जळत होती का? सिन्नरकडची बाई असेल तर आयुष्यभर विड्या वळत होती का? मिश्री लावते का? मालेगावची असेल तर यंत्रमागांजवळ राहिली का? तुमच्या प्रश्नावलीत यातलं एकही नाही. चूल हा तुमचा संशय आहे, अजून निष्कर्ष नाही. परीक्षकाला तो निष्कर्षासारखा मांडलेला दिसला की तो पुढचं पान सावधपणे वाचतो.

दुसरा प्रश्न मात्र तुमच्या विभागाच्या कपाटात पडून आहे. गेल्या काही वर्षांत पेशी-तपासणीने फुफ्फुसाचा कर्करोग पक्का झालेल्या सगळ्या रुग्णांच्या फाइली काढा. किती जणांनी आधी टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, किती महिने, जंतू सापडला होता का, पहिल्या एक्स-रेपासून बायोप्सीपर्यंत किती दिवस गेले. एथिक्स कमिटीची मंजुरी लागेल, पण पैसे जवळजवळ लागणार नाहीत. एमबीबीएसचा एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी आयसीएमआरच्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपसाठी अर्ज करून हेच काम तुमच्या हाताखाली करू शकते. त्यातून येणारा आकडा, नाशिक जिल्ह्याचा, तुमच्या स्वतःच्या रुग्णांचा, हा पुढच्या प्रत्येक अर्जाचा पहिला परिच्छेद होईल. आज तुमच्या अर्जाचा पहिला परिच्छेद ग्लोबोकॅन या आयएआरसीच्या जागतिक आकडेवारीचा आहे: २०२२ मध्ये जगात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २४ लाख ८० हजार नवे रुग्ण, भारतात ८१ हजारांच्या आसपास. आकडे बरोबर आहेत. पण ते पाटण्याहून आलेल्या अर्जातही तसेच असतात आणि कोचीच्याही.

म्हणून 'नाशिकला बसून होत नाही' हे वाक्य मी तुमच्याइतकं मनाला लावून घेणार नाही. सीक्वेन्सिंग नाशिकला बसून कदाचित होणार नाही. सावळघाटापलीकडच्या बाईचे पाच महिने कुठे गेले हे शोधणं मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात बसून होणार नाही.

आता पैसे. देशातल्या पैशांसाठी मी चारच दारं सांगते.

क्षयरोग कार्यक्रमाचं झालंच. दुसरं दारातलंच आहे: महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. तुम्ही दिंडोरी रोडने म्हसरूळवरून जाता-येता आणि यादीत ते नाही! विद्यापीठाचं अनुदान मोठं नसतं, पण पहिलं अनुदान मोठं असूच नये. ते वेळेत खर्च झालं, हिशेब दिला, एक शोधनिबंध आला, एवढंच त्याचं काम. पुढच्या अर्जात 'याआधी मिळालेली अनुदानं' या रकान्यात 'निरंक' लिहावं लागत नाही.

तिसरं आयसीएमआर. तुम्ही थेट इंटरमीजिएट गटात, म्हणजे २ ते ८ कोटींच्या रांगेत उभ्या राहिलात. त्याखाली स्मॉल ग्रँट आहे, तिची कमाल मर्यादाच २ कोटींची. तुमच्या निदान-विलंबाच्या अभ्यासाला ती पुरून उरेल. पुढच्या वेळी अर्ज तिथे करा, आणि सहसंशोधक म्हणून एक पॅथॉलॉजिस्ट, एक बायोस्टॅटिस्टिशियन आणि जिल्हा क्षयरोग कार्यालयातला एक माणूस घ्या. नावापुरता नाही, त्यांच्या कामाचे तास अंदाजपत्रकात दिसू द्या.

चौथं इंडिया अलायन्स. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांचा हा २००८ पासूनचा उपक्रम. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. त्यांच्या क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्य फेलोशिपला एमडी झालेली डॉक्टर अर्ज करू शकते, पीएचडीची अट नाही. ही फेलोशिप यंत्रापेक्षा माणसावर पैसे लावते: पाच वर्षं, आणि त्यात तुमचा संशोधनाचा वेळ धरलेला असतो. स्पर्धा तगडी असते. पहिल्या अभ्यासाचे निकाल हातात आल्याशिवाय अर्ज करू नका, वर्ष वाया जाईल.

यादीत नसलेलं आणखी एक नाव जोडते. नॅशनल कॅन्सर ग्रिड, २०१२ पासूनचं, टाटा मेमोरिअल केंद्राच्या पुढाकाराने चालणारं देशभरातल्या ३०० हून अधिक कर्करोग-केंद्रांचं जाळं. अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या संशोधनाला ते मदत करतं, पण तुमच्यासाठी त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे दरवर्षी होणारी 'क्रेडो' कार्यशाळा. संशोधनाची कल्पना घेऊन जायचं आणि अनुभवी लोकांबरोबर बसून तिचा पक्का आराखडा करूनच उठायचं. तुमच्या दुसऱ्या शेऱ्याचं औषध तिथे आहे.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे, 'माझ्याकडे लॅब नाही, मग मी कसली संशोधक.' २०२० मध्ये टाटा मेमोरिअलच्या डॉक्टरांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. ईजीएफआर जनुकात बदल असलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाचे ३५० रुग्ण. निम्म्यांना नुसती जेफिटिनिबची गोळी, निम्म्यांना तीच गोळी आणि जोडीला पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन ही केमोथेरपी. रोग पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. यात नवं औषध एकही नव्हतं, तिन्ही आधीपासून बाजारात होती. प्रश्न नीट विचारला आणि रुग्णांचा पाठपुरावा सोडला नाही, यावर ती चाचणी उभी राहिली. पाठपुरावा मात्र तुम्हाला महाग पडेल, कारण तुमचे रुग्ण भातलावणीच्या दिवसांत येत नाहीत. म्हणून अंदाजपत्रकात एसटीचं भाडं आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई लिहा. लाजू नका. हा रकाना रिकामा ठेवणारे अर्ज मी ढिगाने पाहिलेत, आणि मग अर्ध्या रुग्णांचा पत्ता लागत नाही.

परदेशाबद्दल थोडक्यात. डेन्व्हरची आयएएसएलसी ही फुफ्फुसाच्या कर्करोगावर काम करणाऱ्यांची जगातली मुख्य संघटना, १९७४ ची. तिच्या फेलोशिप आणि तरुण संशोधकांसाठीचे पुरस्कार पाहत राहा. 'आस्को' या अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या कॉन्कर कॅन्सर प्रतिष्ठानचा 'आयडिया' पुरस्कार तर आपल्यासारख्या देशांतल्या नवख्या कर्करोग-डॉक्टरांसाठीच आहे. जिनिव्हाच्या यूआयसीसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग-संघाची तांत्रिक फेलोशिप परदेशातल्या केंद्रात थोड्या दिवसांसाठी शिकायला पाठवते. शिकणं, प्रवास, ओळखी यांसाठी ही दारं चांगली आहेत. मोठ्या रकमेसाठी मात्र सध्या अमेरिकेवर विसंबू नका. तिथल्या संरक्षण खात्याचा २००९ पासूनचा फुफ्फुस-कर्करोग संशोधन कार्यक्रम २०२५ मध्ये कात्रीत सापडला, आणि एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने मे २०२५ मध्ये अमेरिकी संस्थेच्या अनुदानातून परदेशी भागीदाराला हिस्सा देण्याची जुनी पद्धत थांबवली. लंगेव्हिटी, लंग कॅन्सर रिसर्च फाउंडेशन अशा खासगी प्रतिष्ठानांचे अर्ज भरण्याआधी पात्रतेचा परिच्छेद दोनदा वाचा. अमेरिकेतल्याच संस्थेत नोकरी हवी अशी अट बऱ्याच योजनांत असते. परदेशी पैसा किंवा भागीदार आला की आयसीएमआरमार्फत चालणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, तिचा वेळ आधीच धरा. आणि 'तुमची निवड झाली आहे, प्रक्रिया शुल्क भरा' अशी ई-मेल आली तर ती सरळ कचऱ्यात.

आता त्या १० लाखांकडे येते. तुम्ही लिहिता, 'अशा पैशांवर केलेलं संशोधन खरं मानतील का?' अनुदान सरकारी असलं म्हणजे शुद्ध आणि शेजारच्याने दिलं म्हणजे हलकं, असं तुमच्या मनात बसलंय. जगभर फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या संशोधनाला हातभार लावणारी बरीच प्रतिष्ठानं अशाच कुणाच्या तरी आईच्या, नवऱ्याच्या मृत्यूनंतर उभी राहिली आहेत. तुमच्या निळ्या यादीतही ती आहेत; ती इंग्रजीत असल्यामुळे मोठी वाटतात एवढंच. संकोच सोडा, काळजी घ्या. पैसे तुमच्या खात्यात एक रुपयाही नकोत, संस्थेच्या खात्यात, पावतीसह. दोन पानांचा करार करा: पैसे कशासाठी, किती मुदतीत, निकाल काहीही आला तरी प्रसिद्ध करण्याचा हक्क तुमचा, रुग्णांची माहिती देणगीदाराला दिसणार नाही. आणि त्यांच्याशी एकदा निवांत बोला. आईला नेमकं काय झालं होतं, किती उशीर झाला होता, ते ऐका. माणूस बहुतेकदा 'उपचार शोधून काढा' म्हणून पैसे देतो. तुमचा अभ्यास उपचार शोधणार नाही, उशीर मोजणार आहे. हे त्यांना आधी स्पष्ट सांगा. ऐकून ते मागे हटले तर आज हटलेले बरे.

त्यांची कंपनी कायद्याच्या सीएसआर कक्षेत, म्हणजे नफ्यातला वाटा समाजकार्यावर खर्च करण्याच्या नियमात, येण्याइतकी मोठी असेल तर ही रक्कम त्या वाटेने येऊ शकते. मग तुमच्या संस्थेकडे आयकर कायद्याखालच्या १२ए, ८०जी आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ या नोंदण्या लागतील. पण ते पैसे बहुतेक आर्थिक वर्षात खर्च दाखवायच्या घाईत येतात, मार्चमध्ये फोन सुरू होतात. घरची देणगी म्हणून आले तर तुम्हाला सोयीचं.

आणि या पैशांतून यंत्र घेऊ नका. माणूस घ्या. पूर्णवेळ एक रिसर्च कोऑर्डिनेटर, तिकडच्या आदिवासींची कोकणी बोली समजणारी, पेठ-सुरगाण्याकडचीच असली तर उत्तम. फाइली काढणं, रुग्णांना फोन करणं, संमतीपत्र समजावून सांगणं, पुढच्या तारखेला बाई आली नाही तर आशाताईंना विचारणं, हे काम तुम्ही ओपीडी सांभाळून करू शकणार नाही. आत्तापर्यंत झालं नाही त्याचं कारण पैसा नव्हता हे नाही. तुमच्याकडे आठवड्यात मोकळी अशी एकही सकाळ नव्हती. देणगीच्या पत्रासोबत अधिष्ठात्यांकडे तेवढी एक सकाळ मागा, लेखी. पैसे आणून देणाऱ्या प्राध्यापिकेला नाही म्हणणं त्यांना जड जाईल.

तुमच्यासारखे आणखी वाचक असतील: कुणी पॅथॉलॉजीत, कुणी फार्मसीत, कुणी पीएचडी करणारी. त्यांनाही हीच क्रमवारी लागू आहे, खाती फक्त बदलतील. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी आयसीएमआरबरोबर एएनआरएफ, म्हणजे अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान पाहावं. २०२३ च्या कायद्याने आलेल्या या प्रतिष्ठानात जुनं एसईआरबी हे विज्ञान-संशोधन मंडळ विलीन झालं आणि नवोदितांसाठी तिथे वेगळं अनुदान आहे. औषध कंपनीची चाचणी दारात आली असेल तर जरूर करा, त्यातून चमू तयार होतो, नोंदी ठेवायची शिस्त लागते. पण तो प्रश्न कंपनीचा असतो. त्याला स्वतःचं संशोधन समजू नका, आणि विदा, म्हणजे डेटा, कुणाच्या मालकीचा हे सही करण्याआधी वाचा.

राहिलं पुणे. तुम्ही ते 'इथे जमलं नाही तर' म्हणून ठेवलंय, म्हणून ते तुम्हाला हार वाटतं आणि घरी विषय काढवत नाही. मला ती दोन वर्षं शिक्षणाची वाटतात, जर तिथे बायोस्टॅटिस्टिक्स, अर्जलेखन आणि मोठ्या अभ्यासाची शिस्त शिकायला मिळणार असेल तर. दुसऱ्याच्या प्रकल्पाचा विदा भरायची जागा असेल तर नको. मुलाखतीला जा आणि तीन गोष्टी विचारा: माझ्या नावाने प्रसिद्ध होईल असं काम कुठलं? आठवड्यातून एक दिवस नाशिकच्या अभ्यासासाठी मिळेल का? तुमच्या मार्गदर्शकांना क्षयरोगात रस आहे का? शेवटच्या प्रश्नावर त्यांचा चेहरा पाहा. मुलाचं, नवऱ्याच्या प्रॅक्टिसचं गणित तुमचं तुम्हीच मांडा. नाशिक-पुणे रस्ता रोज करण्यासारखा नाही एवढंच सांगते. आणि कॉलेजकडे लिअन, म्हणजे दोन वर्षांनी आपल्याच जागेवर परतण्याचा हक्क, मागा. लेखी मिळत असेल तर जाण्यात मला काही गैर दिसत नाही. 'बघू, तुमची जागा कुठे जाते' असं तोंडी सांगत असतील तर जाऊ नका.